दहा मिनिटांत उतरवायचं घर

आमच्या वैनींना घर उतरवता येत असे. नवरी अंगावरचे दागिने उतरवते, तसं. पडदे, चांदवा, भिंतीवरचे खण, बैठकीवरची कौदी म्हणजे गोधडी, सगळं दहा मिनिटांत उतरून, घड्या होऊन, पलंगाखालच्या दोन ट्रंकांत जाई. आणि अकराव्या मिनिटाला ते घर असं दिसे, की दारात आलेला भिकारी आपल्याच झोळीतली मूठभर ज्वारी उंबऱ्यावर ठेवून पुढं जाई. जाई म्हणजे, एकदा गेला होता. मी पाहिलंय. हुबळीच्या बाजारात माझ्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका. पण ज्वारीचं खरं आहे. दाणे टपोरे होते.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भावाला मी अण्णा म्हणे. अण्णा धारवाडात सरकारी कचेरीत कारकून, मी रोज गाडीनं हुबळीला जाऊन एका कापडदुकानात ताके उलगडणारा, आणि वैनी घरी. त्यांना मूलबाळ नव्हतं, माझं लग्न झालेलं नव्हतं. तिघांचं घर.

छप्पन्न साली राज्यं बदलली. धारवाड मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेलं. म्हणजे ते होतं तिथंच होतं, फक्त पत्र लिहिताना खाली काय लिहायचं ते बदललं. अण्णांच्या कचेरीतले निम्मे लोक पुण्याला, कोल्हापूरला निघाले. अण्णांनाही विचारलं गेलं. अण्णा म्हणाले, "कचेरीची पाटी बदलली, खुर्ची तीच आहे. तिचा कुठला पाय लंगडा आहे ते मला ठाऊक आहे. पुण्याची खुर्ची कुणी बघितलीय?" यात वैनींचा हात होता. लग्नानंतरच्या चौदा वर्षांत अण्णांच्या बदल्यांपायी त्यांनी अकरा घरं बदलली होती. विजापुरात तर त्यांनी म्हणे खिळा भिंतीला लावून हातोडी उचलली, आणि हातोडी खाली यायच्या आत बदलीचा कागद आला. तो खिळा तसाच हवेत सोडून त्या निघाल्या. त्या म्हणत, "भावजी, मला मरताना कुणी विचारलं, बाई तुझं घर कुठलं, तर एक तरी पत्ता सांगता यावा." यापलीकडं त्यांनी आयुष्यात कुणाकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तो पत्ता मिळाला धारवाडातच, मळमड्डीत. माणसं गाव सोडून चाललेली, तरी हे घर कुणी घेत नव्हतं. भिंतींना ओल अशी, की श्रावणात तिथं मेथी उगवली आणि आम्ही ती खुडून दोन वेळा भाजी केली. कौलांतून आभाळ एवढं दिसे, की अण्णा आडव्या आडव्या तिथी सांगत. मालक हुबळीचे धान्याचे अडते. भाडं त्यांनी नावापुरतं सांगितलं आणि वर अण्णांना कानडी अदबीनं म्हणाले, "रायरे, राहा खुशाल. पण एक आधीच सांगून ठेवतो. माझा धाकटा लग्नाचा आहे. हे घर राहण्यासारखं असतं, तर त्यालाच दिलं असतं. ज्या दिवशी राहण्यासारखं होईल, त्या दिवशी तो येणार. मग कुरकुर करायची नाही."

"नाही करणार," वैनी म्हणाल्या.

म्हणजे अट काय झाली बघा. घर नीट केलं, तर घर जाणार. नाही केलं, तर त्या घरानं आम्ही जाणार. दुसरी कुणी बाई असती तर कपाळाला हात लावून बसली असती. वैनींनी पदर खोचला आणि चारी भिंती वितीनं मोजल्या.

त्यांचा पहिला नियम, विकत काही आणायचं नाही. "विकतची वस्तू पाहुण्यासारखी वागते हो," त्या म्हणत. "तिला जपावं लागतं. हातानं केलेली घरच्यासारखी, कुठंही बसते." दुकानातून मी रोज कातरणाचं एक गाठोडं आणी: खणांचे उभेआडवे तुकडे, इरकलींचे काठ, शिंप्यानं टाकलेल्या पट्ट्या. त्यातून त्यांनी उत्तरेच्या आख्ख्या भिंतीला खणांचं आवरण शिवलं. ओल जिथं वरपर्यंत चढली होती तिथं गडद लाल, खाली उतरली होती तिथं मोरपंखी. ती भिंत दिवसाच्या उजेडात अशी पेटे, की शेजारचे लोक दोनदा बादल्या घेऊन धावले. बरं, एकदा. आणि बादली एकच होती.

चहाच्या देवदारी खोक्यांची त्यांनी बैठक केली. त्या खोक्यांच्या आतला चंदेरी कागद सोलून त्याचा काठ दाराच्या चौकटीला लावला. अण्णांची फाटकी धोतरं निळीत बुडवून, जोडून, कौलांखाली त्यांचा चांदवा ताणला. अण्णा झोपताना आता वर बघून तिथीऐवजी म्हणत, "हे माझं एकोणीसशे त्रेपन्नचं धोतर." आणि मण्यांचा पडदा. जुन्या कॅलेंडरांच्या पानांच्या त्रिकोणी पट्ट्या कापायच्या, विणायच्या सुईवर गुंडाळायच्या, खळ लावून वाळवायच्या, वर रोगणाचा हात. एक पान, तीस मणी. साडेचार हजार मणी झाले तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराला पडदा लागला. वाऱ्यावर तो काचेसारखा वाजत नसे, कागदासारखाही नाही. मधलाच काहीतरी आवाज. तो आवाज मी हजार लोकांना करून दाखवलाय, मला तो कधी जमला नाही.

दुसरा नियम, खिळा मारायचा नाही. मातीच्या भिंती; त्यांत वैनी बाभळीचे काटे टोचत. लांब, पांढरे, सुईसारखे काटे. काटा भिंतीत जाताना आवाज करत नाही आणि निघताना खूण ठेवत नाही. प्रत्येक कापडाला ठरलेल्या जागी बटणासारखी घरं शिवलेली, त्यांत काटा अडकवायचा. भिंती इतक्या वाकड्या, की प्रत्येक आवरण त्या त्या वाकडेपणाच्या मापानं बेतलेलं. उत्तरेचं दक्षिणेला लावलं, तर एका बाजूला वीतभर लोंबे.

हे सगळं मालकांसाठी. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते हुबळीहून सकाळच्या गाडीनं येत. भाडं घेत, चहा पीत, आपल्या घराची दुर्दशा डोळे भरून बघत, आणि समाधानानं परत जात. तेवढ्यासाठी आदल्या दिवसापासून आमची लढाईची तयारी. पण त्याआधी वैनी एक काटा काढू देत नसत; फाटकापाशी मालक खोकले, की अण्णा चांदव्याच्या दोऱ्या सोडत, मी पडदा आणि बैठकीची कौदी घेई, वैनी भिंती. बोलायचं नाही. एकमेकांच्या वाटेत यायचं नाही. मालकांना गुडघेदुखी होती, फाटक ते उंबरा त्यांना बराच वेळ लागे. तरी ते आत येत तेव्हा आम्ही तिघं घामाघूम. ते म्हणत, "घरात फार उकडतं वाटतं."

आणि नुसतं उतरवून भागत नसे. गरिबी मांडावी लागे. तीही वैनी अशा नेटानं मांडत, की बघत राहावं. कुठली चटई कुठल्या कोपऱ्यात कुठल्या बाजूनं उसवलेली दिसली पाहिजे, ओले कपडे कुठल्या दोरीवर किती तिरके. काजळी धरलेलं पातेलं खोलीच्या बरोबर मधोमध, कौलातून गळतंय म्हणून. एकदा चैत्रात मालकांनी त्या पातेल्याकडं बोट दाखवलं.

"उन्हाळ्यात कसलं गळतंय हो, अक्का?"

"मागच्या पावसाचं राहिलंय, मालक," वैनी शांतपणे म्हणाल्या. "हळूहळू उतरतंय."

मालकांनी मान हलवली. त्यांना पटलं. अण्णा मोरीत जाऊन हसून आले.

अशी आठ वर्षं गेली. आठ वर्षांत मालकांना एक काटा दिसला नाही. आम्ही दोघं भाऊ या कामात इतके पटाईत झालो, की साडेनऊ मिनिटांवर आलो. लवकर आवरलं की अण्णा म्हणत, "शाबास!" आणि मालक गेल्यावर वैनी एकट्या सगळं परत लावत. त्या लावायला किती मिनिटं लागतात ते आम्ही कधी मोजलं नाही.

आता माझं. दुकानात गिऱ्हाईक बसलं की माझी जीभ सुटते. खण दाखवताना मी म्हणे, "अहो, या खणाची आमच्या वैनींच्या घरी भिंत आहे भिंत!" मग भिंतीवरून चांदव्यावर, चांदव्यावरून मण्यांवर. मणी साडेचार हजारांचे साडेचार लाख होत. चंदेरी कागदाची चांदी होई. मळमड्डीत विमानं खाली उतरून बघून जात. बायका पदर तोंडाला लावून हसत आणि खण घेऊन जात. शेजारचा दुकानदार ओरडे, "एऽ, आज विमान किती वाजता?" सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, की हा माणूस थापाड्या आहे, आणि म्हणून त्या घराला काही भीती नव्हती. माझी थाप हेच त्याचं कुलूप होतं. निदान मी तसं समजत होतो.

एका दुपारी एक बाई आल्या. नाकात हिऱ्याची चमकी, अंगावर भारी इरकल, सोबत तीनचार जणी. मी सुरू झालो. त्या एकट्याच हसल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठं म्हणायचं हे घर?" मी पत्ता सांगितला. फाटकापाशी दोन पेरू आहेत, तेसुद्धा सांगितलं. का सांगितलं, ते मला आजही सांगता येत नाही. नुसतं तोंड चालू होतं.

त्या महिन्यात पहिल्या रविवारी मालक खोकले, आम्ही उतरवलं, मांडलं, दार उघडलं. मालकांच्या मागं त्याच बाई उभ्या होत्या. मालकीणबाई.

"तुम्हीच ते दुकानातले ना?" त्या मला म्हणाल्या. "दाखवा की आता. मण्यांचा पडदा कुठाय? पत्ता ऐकला तेव्हाच मी म्हटलं, हे तर आपलंच घर."

मालक हसत सुटले. "बघ, बघ तुझा राजवाडा. नीट बघ."

बाईंनी पाहिलं. पातेलं, चटई, ओले कपडे. ओलीनं फुगलेली उत्तरेची भिंत. त्या खरोखरच हिरमुसल्या. "पडद्याला एक फडकंसुद्धा नाही हो. अक्का, तुम्हांला घर लावायची आवड नाही वाटतं?"

"नाही," वैनी म्हणाल्या.

"मग हे काय सांगत होते? चार बायकांसमोर? मी माझ्या जावेला सांगून आले, बघून येते म्हणून. इतकं खोटं बोलतं का कुणी? तेही स्वतःच्या वैनीच्या नावानं?"

अण्णा पुढं झाले. "त्याची सवयच आहे, बाई. लहानपणापासूनची. मनावर घेऊ नका."

अण्णांनी घर वाचवलं. राहिलेलं मी वाचवलं. म्हणालो, "थापच होती, बाई. माल खपावा म्हणून बोलतो मी. इथं काही नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोललो होतो, आणि ते खोटं होतं म्हणून कबूल करत होतो, आणि सांगतो, जड वगैरे काही गेलं नाही. चहा झाला. मालकांनी भाडं खिशात टाकलं. दोघांनी चपला घातल्या. सगळं निभावलं होतं. उंबऱ्यावरून मालकीणबाईंनी वळून पाहिलं, आणि अगदी कळवळून म्हणाल्या, "बिचाऱ्या अक्का. घर असं, आणि दीर हा असला."

"बाई," वैनी म्हणाल्या, "जरा बसता का? दहा मिनिटं."

अण्णा "अगं" म्हणाले. एकदाच.

वैनींनी आधी पातेलं उचलून मोरीत ठेवलं. ओले कपडे गुंडाळले. मग पलंगाखालून ट्रंका ओढल्या. काटे त्यांनी ओठांत धरले, शिंपी टाचण्या धरतो तसे, म्हणून त्यांना बोलता येत नव्हतं आणि त्यांच्याशी कुणी बोलूही शकत नव्हतं. उत्तरेची भिंत वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू झाली. काटा, काटा, काटा. खणांचे लाल चौकोन आपापल्या जागी जाऊन बसत होते. मालक उंबऱ्यात एक पाय आत, एक पाय बाहेर. चांदव्याला दोन माणसं लागतात. वैनींनी एक टोक धरून माझ्याकडं पाहिलं. मी गेलो आणि दुसरं टोक धरलं. मनात काही विचार आला असेल तर तो मला आठवत नाही. निळीचा वास आला, एवढं आठवतं.

शेवटी पडदा. तो लागला आणि एकदा हलला.

इथं मी काही वाढवत नाही. तशी गरज नव्हती.

वैनींनी उरलेले दोन काटे तोंडातून काढले. "आमचे भावजी पुष्कळ थापा मारतात," त्या म्हणाल्या. "पण माझ्या घराबद्दल ते खोटं बोलले नाहीत. विमानाचं तेवढं सोडा."

मालकीणबाई चपला काढून आत आल्या. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, मग काठावर, मग मणी एकेक बोटांत धरून पाहिले. फार वेळ. "छलो ऐती," त्या म्हणाल्या. छान आहे. मग बैठकीवर बसल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "छलो ऐती, अक्का."

मालक रागावले नाहीत. त्यांनी चौकटीला टेकून सगळीकडं नजर टाकली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "रायरे, हे राहण्यासारखं झालं की."

अण्णा म्हणाले, "झालं."

कुरकुर करायची नाही, असं ठरलेलं होतं. कुणी केली नाही.

ते गेल्यावर अण्णांनी एवढंच विचारलं, "का?"

"त्या बाई तुमच्या भावाला खोटारडा म्हणत होत्या."

"तो आहेच खोटारडा!"

"असू दे की," वैनी म्हणाल्या. "यात नव्हता."

हे माझ्यासाठी केलं, की त्या भिंतीसाठी, हा प्रश्न मी पुढं खूप दिवस मनात घोळवला. आठ वर्षं त्यांनी ते घर लावलं आणि आठ वर्षांत आम्ही दोघांनी त्याला एकदाही छान म्हटलं नव्हतं. आम्ही ते फक्त उतरवत होतो. छान म्हणणारं पहिलं माणूस घर काढून घ्यायला आलं होतं.

दिवाळीच्या आधी आम्ही निघालो. मालकीणबाई दोनदा येऊन माप घेऊन गेल्या, सुनेला कुठं काय ठेवता येईल त्याचं. दुसऱ्या खेपेला त्यांनी जरा चाचरत विचारलं, "हे सगळं तुम्ही नेणार असाल ना?"

"नाही. राहू दे," वैनी म्हणाल्या. "ते या भिंतींच्या मापाचं आहे. दुसरीकडं बसायचं नाही." आणि त्यांनी मालकीणबाईंना बाभळीचा काटा कसा तिरका लावायचा ते दाखवलं. ट्रंका रिकाम्या होत्या म्हणून त्यांत भांडी भरली. टांगा मळमड्डीतून निघाला तेव्हा अण्णा घोड्याच्या शेपटीकडं बघत होते. वैनी समोर. मी मागं वळून पाहिलं नाही, असं सांगितलं तर ते बरं दिसेल. पण मी पाहिलं. पेरूची दोन झाडं होती. बाकी काही वाटलं नाही.

हुबळीला माझ्या दुकानाच्या मागच्या बोळात दोन खोल्या मिळाल्या. सिमेंटच्या भिंती, ओळंब्यात सरळ. विजेचा दिवा. ओल नाही, गळणं नाही, आणि या मालकाची कसलीच अट नाही. मी पहिल्याच आठवड्यात कातरणाचं भलंमोठं गाठोडं आणलं. म्हणालो, "वैनी, आता कुणाची भीती नाही. खुशाल लावा. बाराही महिने!"

"हो की," त्या म्हणाल्या.

त्या कातरणाची त्यांनी पुसणी शिवली. नीट चौकोनी, चारी बाजूंनी दुमडलेली पुसणी. मी पुढचं गाठोडं आणलं, त्याचीही पुसणी झाली. आमच्याकडं इतकी पुसणी झाली, की आख्खी हुबळी पुसून काढली असती आणि उरलेल्यात कलघटगीपर्यंतचा रस्ता. असं मी दुकानात सांगे. लोक हसत. एकदा मीच एक कॅलेंडर आणून भिंतीवर टांगलं. त्यांनी ते काढलं नाही. पान मात्र कुणी उलटलं नाही, दोन वर्षं आमच्याकडं मार्गशीर्ष होता.

त्या आजारी नव्हत्या, दुःखी दिसत नव्हत्या. स्वयंपाक पूर्वीसारखाच, अण्णांशी भांडण पूर्वीसारखंच, शेजारच्या बायकांत बसून माझ्या थापांना हसतही. भिंती तेवढ्या पांढऱ्या राहिल्या. एकदा मी सरळ विचारलं, तर इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "कशाला? बरं आहे की." आणि खरंच, बरं होतं. माणूस पांढऱ्या भिंतीत राहतो. मीही राहिलो.

पाचेक वर्षांनी एका लग्नाच्या कापडासाठी मला मळमड्डीत जावं लागलं. काम झालं आणि पाय त्या रस्त्याला गेले. मालकीणबाई ओसरीवर होत्या. मालक मधल्या काळात गेले होते, त्या मुलाकडं राहायला आल्या होत्या. "बर्री, बर्री, आत या की," म्हणून त्यांनी मला हाताला धरून आत नेलं.

सगळं जिथल्या तिथं होतं.

लाल खण विटकरी झाला होता, मोरपंखी राखाडी. चांदव्याची नीळ उडाली होती. पण एक काटा इकडचा तिकडं नव्हता. सूनबाईला हे जुनाट वाटे, तिला भिंतींना गिलावा करून हिरवा रंग द्यायचा होता; पण सासू कुणाला हात लावू देत नव्हती. आल्यागेल्याला दाखवी. "आमच्या अक्कांनी केलंय," असं म्हणे. आमच्या अक्का. मी चहा घेतला. छान आहे, म्हणालो. ते मी त्या घराला पहिल्यांदा म्हटलं, आणि ते अगदी सहज निघालं, गिऱ्हाइकाला म्हणतो तसं.

निघताना त्यांनी मला पडद्यापाशी नेलं. खालच्या बाजूनं दोरे तुटून मणी गळत होते. एका वाटीत त्यांनी ते जमवून ठेवले होते. "मला ओवता येत नाहीत हो. डोळे गेले. सुनेला सांगून उपयोग नाही. अक्कांना एकदा पाठवा की. म्हणावं, चार दिवस राहायलाच या. मी वाट बघते म्हणावं." मी म्हटलं, सांगतो.

गाडीत मला झोप लागली. घरी आलो तेव्हा वैनी सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. अण्णा देवळात गेले होते. मी टोपी काढून ठेवली.

"मळमड्डीत गेलो होतो," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला नाही. "घर बघितलं?"

"बघितलं."

"आहे का काही?"

"नाही," मी म्हणालो. "गिलावा केलाय. हिरवा रंग दिलाय."

एवढंच. ना विमान, ना साडेचार लाख. मी काही वाढवलं असतं, तर त्यांनी लगेच ओळखलं असतं. तेवढं मला कळत होतं. बाकी मी असं का सांगितलं, ते विचारू नका. त्यांनी आपल्याच घरात जाऊन दुसऱ्याचा पडदा ओवावा, हे मला नको होतं, असं मी पुढं स्वतःला सांगितलं. ते कारण चांगलं आहे. पण त्या वेळी ते माझ्याजवळ नव्हतं. त्या वेळी नुसतं तोंडातून आलं.

वैनी थोडा वेळ तांदूळ निवडत राहिल्या.

"म्हणजे नुसत्या भिंती?"

"नुसत्या."

"मग आपल्यासारखंच की," त्या म्हणाल्या, आणि सूप घेऊन आत गेल्या.

त्यानंतर त्या अकरा वर्षं होत्या. मालकीणबाई त्यांच्या आधी गेल्या की नंतर, मला ठाऊक नाही. मी चौकशी केली नाही. त्यांचा निरोप माझ्याकडंच राहिला.